दहिवर सुकेपर्यंत: हिवाळ्यात वावरातला दिवस कसा लावावा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पुण्याची नोकरी सोडून तुम्ही दोघं सासऱ्यांच्या चार एकरांत परत आलात. दोन एकर कपाशी आणि तिच्यात तुरीच्या ओळी, उरलेल्या दोन एकरांत सोयाबीन निघाल्यावर पेरलेला हरभरा, एक विहीर, बैलजोडी, एक गाय, चार शेळ्या. थंडी पडायला लागल्यापासून पाचला उठून सहाला वावरात जाता, पण वेचायच्या बाया नऊच्या आत येत नाहीत आणि आल्या तरी आधी उन्हात बसतात. संध्याकाळ होते तेव्हा निम्मं काम पडलेलं असतं. हिवाळ्यातला दिवस नेमका कसा लावायचा, असं तुम्ही विचारलंय.

बाया आळशी नाहीत. त्या दहिवर, म्हणजे पानांवरचं दव, सुकायची वाट पाहतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मी वर्धा जिल्ह्यातच अठ्ठावीस वर्षांपासून पाच एकर करते. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात मीही अंधारात ओटी बांधून पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, शिरले होते. अर्ध्या तासात लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, बोटं थिजलेली आणि ओटीतला कापूस हाताला गार लागणारा. सासूबाई धुऱ्यावर (बांधावर) येऊन म्हणाल्या, "अवं पोरी, दहिवर त सुकू दे. कापूस काय पळून चालला?" तेव्हापासून हिवाळ्यात मी घड्याळाच्या आधी पानांवरचं पाणी पाहते. ते आहे तोवर करायची कामं वेगळी, ते सुकल्यावरची वेगळी, आणि संध्याकाळी पुन्हा गारवा उतरायच्या आत उरकायची वेगळी.

तासांचा हिशोब करा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाच-पावणेसहाला मावळतो. दहिवर सुकायला नऊ-साडेनऊ होतात, नाल्याकाठच्या खोलगट वावरात दहासुद्धा. चार-साडेचारनंतर ऊन उतरतं आणि कापूस पुन्हा गार लागायला लागतो. म्हणजे कोरडे तास मिळतात जेमतेम सात. वेचणी, फवारणी, मळणी, धान्य वाळवणं या सगळ्यांचा डोळा त्याच सात तासांवर. तुम्ही लिहिलंय की दहा वाजता घरी येऊन स्वयंपाक करता, मग गोठा काढता, दुपारी बँकेत जाता. दिवस तिथे जातो. पहाटेचे तीन तास वावरात वाट पाहण्यात गेले की घरचं काम कोरड्या तासांवर येऊन पडतं.

पाचला उठायची सवय सोडू नका, फक्त वावराऐवजी गोठ्यात जा. शेण काढा, धार काढा, चूल पेटवा, भाजी-भाकरी करून ठेवा. थंडीत गोठ्याची जमीन कोरडी ठेवणं हे सगळ्यात मोठं काम. मुताचा ओलावा रात्रभर राहिला की जनावराच्या अंगातली ऊब तोच ओढून घेतो, आणि त्याच्या वासाने वासरांच्या छातीला त्रास होतो. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) किंवा वाळला पाला खाली पसरा, सकाळी उचलून उकिरड्यावर टाका. उत्तरेकडून वारा येतो, त्या बाजूला गोणपाटाचे पडदे बांधा, पण गोठा चारी बाजूंनी कोंडू नका. मी एका वर्षी ताडपत्रीने सगळीकडून बंद केला होता आणि आठ दिवसांत वासरू खोकायला लागलं. वरची वाफ जायला जागा हवीच. रात्री हौदात भरून ठेवलेलं पाणी सकाळी बर्फासारखं असतं, जनावर तोंड लावून मागे सरतं आणि दूध कमी होतं. विहिरीचं ताजं पाणी हिवाळ्यात कोमट येतं, तेच पाजा. सोयाबीनचं कुटार खायला घालत असाल तर कडब्यात मिसळून घाला. नुसतं कुटार पोटभर दिलं तर पोट फुगतं. वेचणीचं गाडं आणि रब्बीची डवरणी दोन्ही बैलांवर आहे, तेव्हा त्यांच्या ढेपेत हात आखडू नका. तुमच्या आर्वी-आष्टी-कारंजा पट्ट्यातली गौळाऊ जोडी असेल तर ती काटक असते, पण काटक जनावरालाही थंडीत जास्त लागतं.

शेळ्या मात्र सकाळी सोडूच नका. ओल्या गवतावर जंतांची पिल्लं पात्याच्या शेंड्याकडे चढलेली असतात, आणि शेळी नेमका शेंडा खाते. दहिवर सुकल्यावर ती खाली उतरतात. आमच्याकडे शेळ्या दहाच्या आत दावणीवरून सुटत नाहीत, तोवर त्यांना वाळलेला पाला आणि तुरीच्या शेंगांची टरफलं. हे पाळायला लागल्यापासून हगवण लागलेली करडं फार कमी झाली.

सात-साडेसातला, चहा झाल्यावर, वावरात एक चक्कर मारा. हात लावायचा नाही, फक्त पाहायचं. ही चक्कर मला दिवसातल्या सगळ्या कामांत महत्त्वाची वाटते. ओलसर मातीत रात्रीचे ठसे स्पष्ट उमटलेले असतात, रोही (नीलगाय) कुठून आला आणि डुकरं कोणत्या धुऱ्यावरून उतरली ते दिसतं. उन्हं वर आली की ते पुसट होतात. हरभऱ्यावरची घाटेअळी गारव्यात वर बसलेली सापडते. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, उघडून पतंग मोजायलाही हीच वेळ. तुरीच्या फुलांखाली सडा पडलाय का, कपाशीत गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं दिसतात का, ते पाहा. त्या मिटलेल्या फुलाला आपण डोमकळी म्हणतो, आणि तिच्यात बोंडअळी असते. खिशात वही ठेवा. मी अजूनही ठेवते.

आता कापूस. ओला वेचला तर वजन वाढतं म्हणून काही जण मुद्दाम सकाळी वेचतात. तसं करू नका. ओला कापूस ढिगात घातला की आतून गरम होतो, पिवळा पडतो, सरकी खराब होते. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कपात, आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेत नाहीत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. ओलावा १२ टक्के भरला तर क्विंटलमागे ३२४ रुपये गेले. दोन एकरांत बारा क्विंटल धरले तर जवळपास ३,९०० रुपये नुसत्या ओलाव्यात जातात. गावात येणारा व्यापारी मशीनही लावत नाही, मूठ दाबून भाव पाडतो. केंद्रावर विकायचं असेल तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागते आणि सातबाऱ्यावर कपाशीचा पेरा दिसायला हवा. खरिपाची ई-पीक पाहणी झाली आहे का, ते आजच पाहा. रब्बीची सुरू झाली की हरभऱ्याची लगेच करून टाका, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

बाया नऊला आल्या की त्यांना चुलीवरचा गरम चहा द्या आणि पंधरा मिनिटं उन्हात बसू द्या. थिजलेल्या बोटांनी वेचलं की बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात आणि कापसात पत्ती जास्त येते. मजुरी किलोवर आहे, त्यांनाही वेळ घालवून परवडत नाही. माझ्याकडे पंधरा वर्षं येणारी एक मावशी दहिवर सुकलं की आपणच उठते, मी कधी हाक मारली नाही. वेचताना खालच्या बोंडांपासून वर जायचं, म्हणजे वरून पडणारा पालापाचोळा खालच्या फुटलेल्या कापसात अडकत नाही. कवडी, म्हणजे किडका, नीट न फुटलेला कापूस वेगळ्या पिशवीत. चांगल्यात मूठभर कवडी मिसळली की सगळ्याचा भाव तिच्यावर ठरतो. प्लास्टिकची पोती वापरू नका, त्यांचे धागे कापसात जातात आणि जिनिंगला निघत नाहीत. जुन्या साडीचं किंवा सुती चादरीचं गाठोडं बरं. संध्याकाळी घरी आणलेला कापूस लगेच ढिगावर टाकू नका, दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात पसरून ऊन दाखवा, मग कोठीत. कोठीत दिवा, विडी, शेगडी काही नको. आणि मऊ लागतं म्हणून पोरं कापसावर झोपतात, त्यांना झोपू देऊ नका, अंगाला खाज सुटते.

सासूबाई सीतादही करायची म्हणतात आणि तुम्हाला त्यात अर्धा दिवस जाईल असं वाटतं, हेही तुम्ही लिहिलंय. करा. पहिल्या वेच्याच्या दिवशी वावरात दही-भाताचा नैवेद्य दाखवायचा, बायांसोबत पंगतीला बसायचं, मग वेचायला लागायचं. पहिल्या वेच्याला तसाही कापूस थोडा फुटलेला असतो. आणि त्या पंगतीत बसलेल्या बाया वर्षभर तुमच्या वावराला आपलं मानतात. मजूर मिळत नाहीत म्हणून गावोगाव ओरड आहे, आमच्याकडे ती अडचण कमी आली, त्यामागे ही पंगत आहे असं मला मनापासून वाटतं.

आता जी चूक मी केली ती तुम्ही करू नका. तिसरा वेचा झाला की पऱ्हाटी हिरवी दिसते, विहिरीला पाणी असतं, आणि मन म्हणतं, एक पाणी देऊ, फरदड (त्याच झाडांचं उशिराचं पीक) घेऊ, फेब्रुवारीपर्यंत अजून दोन क्विंटल निघतील. २०१७ च्या हिवाळ्यात मी तेच केलं. बोंडं बाहेरून हिरवीगार, टणक. फोडली की आत गुलाबी अळी, कापूस कवडी, सरकी पोखरलेली. त्या वर्षी विदर्भभर गुलाबी बोंडअळीने हेच केलं. कापसाची किंमत वेचणीच्या मजुरीलाही पुरली नाही. त्यापेक्षा मोठं नुकसान पुढच्या वर्षी झालं, कारण हिवाळ्यात उशिरा लागलेल्या बोंडांत ही अळी सरकीच्या आत झोपी जाते आणि पुढच्या हंगामातली कपाशी फुलावर येईपर्यंत तग धरते. मी फरदड ठेवली म्हणजे शेजाऱ्याच्या वावरातही तिची सोय केली.

म्हणून डिसेंबर संपता संपता कपाशी संपवायची. तोवर एकरी दोन कामगंध सापळे ठेवा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, किंवा वीस हिरवी बोंडं फोडून दोनांत अळी निघाली, तर उपाय करायची वेळ झाली. पण डिसेंबरच्या मध्यानंतर मी फवारणीवर पैसा घालत नाही, फुटलेलं वेचून झाड उपटते. गुरं-शेळ्या शेवटी पऱ्हाटीत सोडा, त्या हिरवी बोंडं आणि पाला खाऊन टाकतात. मात्र त्याआधी पंधरा-वीस दिवसांत कोणतीही फवारणी झालेली नसावी.

उपटलेल्या पऱ्हाट्यांचं काय करायचं, यावर घरात वाद होणार हे मी आत्ताच सांगते. आपल्याकडे त्या चुलीला लागतात, म्हणून धुऱ्यावर रचून ठेवतात, आणि त्यांना चिकटलेल्या वाळक्या बोंडांत अळी उन्हाळा काढते. माझा तोडगा असा की चुलीला तुराट्या ठेवायच्या. जानेवारीत तूर निघाली की दोन एकरांतल्या ओळींच्या तुराट्या चार माणसांच्या घराला बरेच महिने पुरतात. पऱ्हाट्यांची कुट्टी करून त्या वावरातच मिसळायच्या. कुट्टीचं यंत्र भाड्याने मिळत नसेल तर निदान रचायच्या आधी प्रत्येक झाडाची वाळकी बोंडं तोडून जाळून टाका. कंटाळवाणं काम आहे, दोन दिवस जातात, पण करा.

हरभऱ्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, "तो आपोआप येतो असं ऐकलंय." येतो, जर आपण त्याला जास्त पाणी पाजून मारला नाही तर. हरभरा थंडीचं आणि दहिवराचं पीक आहे. काळ्या जमिनीतली ओल आणि रात्रीचा गारवा यांवर तो निम्मं काम आपणच करतो. त्याच्या पानांवर बारीक केसांतून आंब सुटते, म्हणून पान चाटलं तर आंबट लागतं. माझ्या आजीच्या वेळी पहाटे हरभऱ्यावर स्वच्छ सुती फडकं फिरवून ते पिळायचे आणि ती आंब पोटदुखीला जपून ठेवायचे. ही आंब पिकाचं संरक्षणही करते, म्हणून जुनी माणसं ओल्या हरभऱ्यात कोणाला शिरू देत नसत. टाचांना भेगा असतील तर सकाळी अनवाणी शिरून पाहा, कशी झोंबते ते कळेल. खुरपणी-डवरणी दहिवर सुकल्यावरच.

पेरून तीस दिवसांच्या आसपास शेंडे खुडा, फांद्या जास्त फुटतात. खुडलेला पाला ही हिवाळ्यातली पहिली चांगली भाजी, उरलेला सावलीत वाळवून ठेवला की उन्हाळ्यात कामाला येतो. पहिलं पाणी फांद्या फुटताना, तीस-पस्तीस दिवसांनी. दुसरं घाटे भरताना, साठ-पासष्ट दिवसांनी. बस. भर फुलोऱ्यात स्प्रिंकलर लावला तर फुलं झडतात. सगळ्यात वाईट म्हणजे जमिनीला मोठ्या भेगा पडेपर्यंत थांबायचं आणि मग भरपूर पाणी सोडायचं. पाणी भेगांतून खाली जातं, मुळं गुदमरतात, आठ दिवसांत झाडं उभीच्या उभी पिवळी पडून वाळतात. शेजारी पाणी देतोय म्हणून आपण द्यायचं, असं हरभऱ्यात करू नका. मूठभर माती चार बोटं खोलवरून काढा, गोळा होत असेल तर अजून थांबा.

घाटेअळीसाठी एकरी दहा-पंधरा पक्षीथांबे रोवा. तुराटीच्या दोन काड्या आडव्या-उभ्या बांधल्या की झाला थांबा, त्यावर कोतवाल, साळुंकी येऊन बसतात आणि दिवसभर अळ्या टिपतात. वावरात थोडी ज्वारी उगवली असेल तर उपटू नका, पाखरं तिच्यावरही बसतात. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसायला लागल्या की ५ टक्के निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळ्या कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून त्यात थोडं साबणाचं पाणी घाला आणि एकूण शंभर लिटर करा. या वर्षी निंबोळ्या वेचून ठेवल्या नसतील, पुढच्या जूनमध्ये विसरू नका. कोणतीही फवारणी पानं कोरडी झाल्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, तोंडाला फडकं, हातात मोजे, अंगभर कपडे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ती आपल्यासारखीच वावरातली माणसं होती. फवारून आलात की आधी आंघोळ, मग चहा. थंडीमुळे आंघोळ टाळायचा मोह होतो, म्हणून सकाळीच पाणी तापवायची सोय करून ठेवा.

तुरीचं मन धुईवर, म्हणजे धुक्यावर. दोन-तीन दिवस आभाळ भरलं आणि सकाळी धुई बसली की फुलं गळतात आणि शेंगअळी वाढते. धुई आपल्या हातात नाही. अळी आहे. पऱ्हाटीच्या ओळींत तूर असली की झाडाखाली चादर अंथरून फांदी हळूच हलवायची, अळ्या पटापट खाली पडतात, कोंबड्यांना घालायच्या. तुमच्याकडे तुरीच्या ओळी मोजक्या आहेत, दोघांचं एका दुपारचं काम आहे.

रात्रीकडे वळते, कारण खरा त्रास तिथे आहे. शेतीची तीन फेज लाईन आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी नेमकी रात्रीवर येते. स्प्रिंकलरचे पाईप रात्री बदलायचे म्हणजे कोपरापर्यंत ओलं व्हायचं, आणि बाहेर बारा अंश. शक्यतो संध्याकाळीच पाईप मांडून ठेवा, चार तास एकाच जागी चालू द्या, सकाळी बदला. दोन रात्री जास्त लागतील, लागू द्या. ऑटो स्टार्टर बसवा, पण ओल्या हाताने पेटीला हात लावू नका. रात्री एकट्याने जायचं नाही, पायात बूट, हातात टॉर्च आणि काठी. थंडीत साप नसतात हा गैरसमज आहे. घोणस या दिवसांतही फिरते आणि तिला पऱ्हाटीचे ढीग, तणसाच्या पेंढ्या, पाईपाखालची जागा आवडते. पाईप उचलण्याआधी काठीने हलवा. कोणाला चावलीच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखान्यात, जिथे प्रतिविष ठेवलेलं असतं तिथे. तुमच्याजवळचं असं ठिकाण कोणतं, ते आजच विचारून ठेवा.

पुढच्या वर्षीसाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज करा. शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. पंप आला की पाणी दिवसा. आमच्या घरी तो आल्यापासून मालकांची हिवाळ्यातली छाती भरणं थांबलं, आणि मला त्यातलं हेच मोलाचं वाटतं.

डुकरं आणि रोह्यांसाठी गावात रात्रीची जागल चालत असेल तर तुमच्या घरातलं एक माणूस तिच्यात जायला हवं. सौर झटका मशीनचं कुंपण चांगलं, त्याचा झटका क्षणभराचा असतो. पण कोणी कितीही सांगो, तारेत घरची किंवा पंपाची लाईन सोडू नका. गुन्हा आहे तो, आणि त्या तारेला लागून माणसं मरतात, बरेचदा स्वतःच्याच घरची.

कधी कधी चार-पाच रात्री कडाक्याच्या येतात. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. त्या पहाटे आमच्या वांग्याची कोवळी पानं काळी पडली. अशी लाट येणार असं कळलं तर भाजीच्या वाफ्यांना संध्याकाळी हलकं पाणी द्या, ओली जमीन ऊब धरून ठेवते. पहाटे धुऱ्यावर ओलसर पाल्याचा धूर करा. हरभऱ्याची काळजी करू नका, तो कोवळा आहे तोवर थंडी सोसतो.

घरात शेकोटी पेटवाल तेव्हा अंगणात पेटवा. निखाऱ्यांची शेगडी दार लावून खोलीत ठेवून झोपायचं नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. टाचांच्या भेगांना झोपताना कोमट पाण्यात पाय बुडवून खोबरेल लावा. दुपारी ऊन चांगलंच कडक असतं, तहान लागत नाही म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवीची जळजळ सुरू होते. तांब्या धुऱ्यावर ठेवा आणि सगळ्यांना पाजा, स्वतःही प्या.

खाण्याचं जास्त लिहीत नाही, तुमच्या सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. फक्त विहिरीच्या पाटाला लागून दोन वाफे सांबार (कोथिंबीर), पालक, मेथी, मुळा एवढं लावून ठेवा, बाजाराचा पैसा वाचतो. डिसेंबरात तुरीच्या ओल्या शेंगा भरल्या की सोले-वांग्याची भाजी, आणि मीठ घालून उकडलेल्या शेंगा बायांच्या दुपारच्या भाकरीसोबत.

शेवटी तुम्ही विचारलंय की डिसेंबरात चार दिवस माहेरी जाता येईल का. येईल. हरभरा दहा नोव्हेंबरला पेरला म्हणता, म्हणजे पहिलं पाणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पडेल. ते झालं आणि तिसरा वेचा घरात आला की त्यापुढे आठ-दहा दिवस वावर तुमच्यावाचून राहू शकतं. शेळ्या शेजारी बांधा, धारेला सासूबाई आहेतच, सकाळची चक्कर मात्र यजमानांना चुकवू देऊ नका. पऱ्हाटी उपटायची तारीख जाण्याआधी बायांना सांगून ठेवा, नाहीतर त्या दुसऱ्याच्या वेच्याला लागतात. आणि परत येताना पुण्याहून चांगल्या जाड रबराचे गमबूट आणा, दोघांनाही. इथल्या बाजारात तुमच्या मापाचे मिळायला वेळ लागतो.